न दिलेले घेऊ नये

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ हळदीचा पिढीजात व्यापार करणाऱ्या एका घरातील हा प्रसंग. घरातील थोरल्या नातीने अभियांत्रिकीची पदवी घेतली, दोन वर्षे पुण्यात नोकरी केली आणि नंतर परदेशी व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेण्याचे ठरविले. त्यासाठी जीमॅट ही प्रवेशपरीक्षा तिने एकदा दिली होती. गणितात तिला अडचण नव्हती. व्यापाऱ्याच्या घरात आकडे बोटांवरच खेळत असतात. अडचण आली ती शाब्दिक विभागात. तेथे तिला 60 ते 90 या मापावर केवळ 77 गुण मिळाले. चुकलेल्या प्रश्नांच्या प्रकारांवर तिने नजर फिरविली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक अनुमानाचे निघाले. दुसऱ्या प्रयत्नासाठी ती उन्हाळ्यात घरी आली आणि माडीवरच्या खोलीत तिचा अभ्यास सुरू झाला.

जीमॅट ही परीक्षा जुनी आहे. अमेरिकेतील व्यवस्थापन-विद्यालयांसाठी ती 1954 मध्ये प्रथम घेतली गेली आणि 1976 पासून तिला आजचे नाव मिळाले. 2023 च्या अखेरीस तिचे स्वरूप बदलले. आता गणित, शाब्दिक तर्क आणि माहितीचे आकलन असे तीन विभाग असून प्रत्येकास 45 मिनिटे मिळतात. शाब्दिक विभागात या 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नास दोन मिनिटेही पुरती येत नाहीत. व्याकरणदुरुस्तीचे प्रश्न नव्या स्वरूपात वगळले गेले. राहिले ते उताऱ्याचे आकलन आणि युक्तिवादाची पारख. साहजिकच अनुमानाच्या प्रश्नांचे वजन वाढले.

ही गोष्ट केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरती नाही. आपल्या राज्यातील एमबीएच्या सीईटीत 200 पैकी 75 प्रश्न तर्कशक्तीचे असतात आणि त्यांत विधान-निष्कर्ष हा प्रकार हमखास येतो. आयआयएमसाठीच्या कॅट परीक्षेतही उताऱ्यांवर असे प्रश्न विचारले जातात. तेथे पर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तरामागे एक गुण वजा होतो. घरोघरची मुले आज या परीक्षांच्या तयारीत आहेत. या प्रश्नांमागील रीत घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असावी, असे वाटण्याचे कारण या प्रसंगातच आहे.

घरातील आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सकाळी दोन तास पेढीवर बसायचे, दुपारी विश्रांती आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की स्वाध्याय, असा त्यांचा क्रम. एका संध्याकाळी ग्रंथ मिटून ते नातीच्या खोलीत आले. ती कागदावर डोके धरून बसली होती.

"काय अडलं, बाळ?"

"अनुमान अडलंय, आजोबा. दोन पर्याय उरतात आणि दर वेळी मी चुकीचाच धरते."

"अनुमान? वाच बघू. मराठीत सांग."

नातीने प्रश्न मराठीत सांगितला. एका शहरात मसाल्याची ठरावीक दुकाने आहेत. त्यांच्या संख्येत बदल झालेला नाही. गेल्या वर्षी त्यांपैकी काही दुकानांनी घरपोच सेवा सुरू केली. ज्यांनी ती सुरू केली, त्या प्रत्येक दुकानाची विक्री वाढली. मात्र शहरातील सर्व मसाला-दुकानांची मिळून एकूण विक्री पूर्वीइतकीच राहिली. यावरून पुढीलपैकी कोणते विधान निश्चितपणे निघते? पहिले, घरपोच सेवेमुळेच त्या दुकानांची विक्री वाढली. दुसरे, जी दुकाने ही सेवा देणार नाहीत, ती काही वर्षांत बंद पडतील. तिसरे, गेल्या वर्षी सेवा सुरू न केलेल्या दुकानांपैकी किमान एका दुकानाची विक्री घटली. चौथे, सेवा सुरू न केलेल्या सर्व दुकानांची विक्री घटली. पाचवे, ग्राहकांना दुकानात येण्यापेक्षा माल घरी मागविणे अधिक आवडते.

आजोबांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "दुसरा. यात विचार कसला? पेठेतली किती दुकानं अशीच गेली, माझ्या डोळ्यांदेखत."

"चुकलं, आजोबा."

"चुकलं कसं? खरं आहे ते."

"खरं असेल. पण उताऱ्यात ते दिलेलं नाही. ते तुमच्या अनुभवातून आलं."

मग नातीने एकेक पर्याय उलगडला. पहिल्यात कारण सांगितले आहे. उतारा केवळ एवढेच सांगतो की सेवा सुरू झाली आणि विक्री वाढली. त्याच दुकानांनी भाव उतरविले असतील, नवा माल आणला असेल. उतारा त्याविषयी मौन बाळगतो. दुसरा पर्याय भविष्याविषयी बोलतो. उतारा गेल्या वर्षापलीकडे जात नाही. पाचवा ग्राहकांच्या मनात शिरतो. उताऱ्यात केवळ विक्रीचे आकडे आहेत. चौथा जवळचा वाटतो, पण 'सर्व' हा शब्द त्याला बुडवितो. उरलेल्या दुकानांपैकी एखाद्याची विक्री वाढली आणि दुसऱ्याची त्याहून अधिक घटली, तरीही एकूण विक्री तेवढीच राहू शकते. तिसरा मात्र टाळता येत नाही. काही दुकानांची विक्री वाढूनही बेरीज तीच राहिली, तर उरलेल्यांची एकत्रित विक्री घटलीच पाहिजे. आणि एकत्रित विक्री घटली, तर त्यांतील किमान एका दुकानाची तरी घटली असणारच.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे प्रश्न असा की, हे नसताना ते असू शकेल का?"

"अगदी तसंच. तिसरं विधान खोटं धरलं, तर उतारा उभाच राहत नाही. बाकीची चार खोटी धरली तरी उताऱ्याचं काही बिघडत नाही."

"अगं, मग हे अन्यथानुपपत्तीच की! हे तुमच्या अमेरिकेत कधी गेलं?"

आजोबांचा विनोद सोडला, तरी त्यांची ओळख अचूक होती. व्यवहारात 'अनुमान' हा शब्द अंदाज या अर्थाने वापरला जातो. पावसाचे अनुमान, भावाचे अनुमान, असे आपण सहज म्हणतो. न्यायशास्त्रातील अनुमान याहून फार कडक असते. बौद्ध आचार्यांनी हेतूची तीन लक्षणे सांगितली: तो विचाराधीन विषयात असावा, तशाच अन्य ठिकाणी असावा आणि विरुद्ध ठिकाणी नसावा. जैन आचार्यांनी यावर आक्षेप घेतला. सिद्धसेन दिवाकरांच्या न्यायावतारात, पात्रस्वामींच्या आज अनुपलब्ध असलेल्या त्रिलक्षणकदर्थनात, पुढे अकलंकदेव आणि माणिक्यनंदी यांच्या ग्रंथांत आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांच्या प्रमाणमीमांसेत एकच गोष्ट ठामपणे मांडली गेली. हेतूचे लक्षण एकच: साध्यावाचून त्याचे न जुळणे. ज्याच्याविना हे घडूच शकत नाही, तेच यावरून सिद्ध होते. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरा या ठिकाणी एकमुखाने बोलतात.

आचार्यांनी दिलेली उदाहरणे आजच्या परीक्षार्थीलाही उपयोगी पडावीत अशी आहेत. एका स्त्रीचे आजवरचे सर्व पुत्र सावळे आहेत. म्हणून जन्माला येणारा पुत्रही सावळाच असेल, असे कोणी म्हटले, तर ते अनुमान नव्हे. बौद्धांची तिन्ही लक्षणे येथे वरवर जुळतात, परंतु त्याच मातेचा पुत्र असणे आणि सावळे असणे यांत अटळ संबंध नाही. पुढचा पुत्र गोरा होऊ शकतो. याउलट, कृत्तिका उगवली आहे तेव्हा थोड्याच वेळात रोहिणी उगवेल, हे अनुमान आचार्यांनी मान्य केले. कृत्तिका रोहिणीला उगवण्यास लावीत नाही. ती रोहिणीचे कारण नव्हे. तरीही त्यांचा क्रम चुकत नाही. म्हणजे अनुमानासाठी कारण सापडलेच पाहिजे असे नाही, आणि एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरते असेही नाही. प्रवेशपरीक्षेतील निम्मे सापळे याच दोन वाक्यांत येतात.

त्या रात्रीपासून नात रोज पाच-सहा प्रश्न आजोबांना मराठीत सांगू लागली. आजोबा पहिले काही दिवस चुकत राहिले आणि त्यांच्या चुकांतूनच नातीला आपल्या चुका दिसू लागल्या. दोघांचा रोग एकच होता. दोघेही उताऱ्यातील उणीव आपल्या माहितीने भरून काढीत होती.

एक सापळा शेकडेवारीचा. एका संस्थेने पहिल्या वर्षी आलेल्या अर्जांपैकी 20 टक्के अर्जदारांना प्रवेश दिला, दुसऱ्या वर्षी 10 टक्के अर्जदारांना. प्रवेश मिळालेल्यांची संख्या मात्र दोन्ही वर्षी तेवढीच होती. संस्थेने निकष कडक केले, असे उत्तर मनात प्रथम येते. ते निघत नाही. निघते ते एवढेच की, दुसऱ्या वर्षी अर्जदारांची संख्या दुप्पट झाली. पहिल्या वर्षी 500 अर्ज आणि 100 प्रवेश धरावेत. दुसऱ्या वर्षी 100 प्रवेश हे 10 टक्के होण्यासाठी अर्ज 1000 असलेच पाहिजेत. निकष तेच राहिले, कडक झाले की सैल झाले, याविषयी या आकड्यांना काहीही म्हणायचे नाही.

दुसरा सापळा उलट फिरण्याचा. 'ज्यांनी कर मुदतीत भरला, केवळ त्यांनाच सवलत मिळाली,' एवढेच दिले आहे. एका व्यापाऱ्याला सवलत मिळाली, तर त्याने कर मुदतीत भरला होता, हे निश्चित. एकाने मुदत चुकविली, तर त्याला सवलत मिळाली नाही, हेही निश्चित. परंतु एकाने मुदतीत कर भरला, म्हणून त्याला सवलत मिळालीच, असे म्हणता येत नाही. सवलतीसाठी आणखीही काही अटी असू शकतात. आजोबांनी येथे लगेच जुना दृष्टान्त आठवला. धूर आहे तेथे अग्नी असतोच. पण अग्नी आहे तेथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

तिसरा सापळा शब्दांच्या वजनाचा. सर्व, कोणीच नाही, नेहमी, केवळ, सर्वाधिक, हे जड शब्द आहेत. उताऱ्यात तेवढेच जड शब्द असतील, तरच उत्तरात ते चालतात. किमान एक, काही, शक्य आहे, असेलच असे नाही, हे हलके शब्द आहेत. अनुमानाच्या प्रश्नात बरोबर उत्तर बहुधा साधे आणि बेताचे असते; ते वाचून कोणी चकित होत नाही. चकित करणारे उत्तर दिसले की हात आखडावा.

आजोबांनी या साऱ्याला स्वतःचे एक नाव दिले. अणुव्रतांतील अचौर्याची जुनी संज्ञा अदत्तादान-विरमण अशी आहे. अदत्त म्हणजे न दिलेले. ते न घेणे म्हणजे अचौर्य. "उताऱ्यानं जे दिलं नाही, ते घेऊ नये," ते नातीला म्हणाले. "घेतलंस तर ती चोरीच. मग ते कितीही खरं असो." नातीने हे वाक्य कागदावर लिहून टेबलासमोरच्या भिंतीला लावले.

मे महिन्याच्या मध्यावर एका शुक्रवारी काका पेढीवरून संतापून घरी आले. मार्चमधील सौद्यांत घेतलेली हळद त्यांनी भाव वाढेल या आशेने यार्डामागच्या गोदामात ठेवली होती. प्रत्येकी 50 किलोची 240 पोती, म्हणजे 12,000 किलो. गिऱ्हाईक ठरले आणि माल काढून तोलला, तेव्हा तो 11,760 किलो भरला. 240 किलोंची तूट. त्या वेळच्या भावाने रक्कम तीस हजारांवर जात होती. गोदामाची किल्ली अकरा वर्षे एकाच माणसाकडे होती. एप्रिलमध्ये काका तीन आठवडे यात्रेला गेले, तेव्हा गोदामाकडे दुसरे कोणीही फिरकले नव्हते. काकांनी हमालांसमोर त्याच्याकडून किल्ली काढून घेतली आणि सोमवारी हिशेब करून त्याला मोकळे करायचे ठरविले.

"किल्ली त्याच्याकडं, माल कमी. आणखी काय पुरावा पाहिजे?" काका म्हणाले. "आधीच्या गड्यानंही असंच केलं होतं. आणि हा त्याच्याच गावचा."

आजोबांनी नातीकडे पाहिले. ती ताटावरून उठून काकांच्या समोर येऊन बसली.

"काका, रागावू नका. मला एक सांगा, पोती किती भरली?"

"पोती दोनशे चाळीसच आहेत. पोती नेली असती तर तिथंच पकडला असता. थोडं थोडं काढलंय प्रत्येकातून."

"प्रत्येक पोत्यात किती कमी?"

"एक किलोच्या आसपास."

"सगळ्यांत सारखंच?"

काका थांबले. तोलाईदाराने लिहिलेला कागद त्यांच्या खिशातच होता. बहुतेक पोती 48.8 ते 49.2 किलोंच्या दरम्यान भरली होती. चोर एवढ्या सारख्या हाताने दोनशे चाळीस पोत्यांतून काढील काय, हा विचार त्यांच्या मनात त्या क्षणापर्यंत आला नव्हता.

नातीने कागद घेतला आणि आकडे मांडले. मार्चमध्ये घेतलेल्या हळदीत 11 टक्के ओलावा होता असे धरले, तर 50 किलोंच्या पोत्यात 5.5 किलो पाणी आणि 44.5 किलो कोरडा माल. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ओलावा 9 टक्क्यांवर आला, तर कोरडा माल तेवढाच, 44.5 किलो, पण आता तो पोत्याच्या 91 टक्के. 44.5 ला 0.91 ने भागले की 48.9 किलो येतात. म्हणजे कोणी हातही न लावता पोत्यामागे एक किलोहून थोडी अधिक घट होऊ शकते.

"ओलावा अकरा होता हे तुला कुणी सांगितलं?" काकांनी विचारले.

"कुणीच नाही. तो अकराच होता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की, चोरी न होताही इतकी तूट पडू शकते. मग तुटीवरून चोरी निघत नाही."

आजोबा आतापर्यंत ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "आणि त्याच गावचा म्हणून हाही तसाच, हे तर सावळ्या पुत्रासारखं झालं. पन्नास वर्षं हळदीत काढली, उन्हाळ्यात माल सुकतो हे तुला नि मला ठाऊक नाही का? रागात ते आठवलं नाही, इतकंच."

शनिवारी सकाळी काकांनी स्वतःच एक गोष्ट केली. त्याच सौद्यातील साठ पोती पेढीमागच्या खोलीत होती आणि त्या खोलीची किल्ली काकांच्याच कमरेला असे. त्यांतील दहा पोती त्यांनी त्याच काट्यावर तोलून घेतली. मार्चमध्ये 500 किलो असलेला माल 490.5 किलो भरला. पोत्यामागे जवळजवळ तेवढीच घट.

संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "म्हणजे त्यानं काही घेतलं नाही, हे सिद्ध झालं."

"तेही सिद्ध होत नाही, काका," नात म्हणाली.

काका चिडले. "मग तुझ्या या अनुमानाचा उपयोग काय?"

उत्तर आजोबांनी दिले. "उपयोग हाच. जे सिद्ध झालं नाही, ते कुणाच्या नावावर लिहायचं नाही. वहीत घट लिही. माणसाच्या खात्यावर चोरी लिहू नकोस. अकरा वर्षांत त्याच्यावर काही लिहायची वेळ आली नव्हती, तेवढं मात्र दिलेलं आहे."

या उत्तरात प्रवेशपरीक्षेतील सर्वांत अवघड धडा आहे. अनुमानाचा नियम कोणाला निर्दोष ठरवीत नाही आणि दोषीही ठरवीत नाही. हाती आलेल्या माहितीतून काय निघते आणि काय निघत नाही, यांमध्ये तो केवळ रेघ ओढतो. रेघेपलीकडच्या गोष्टी खोट्या नसतात, त्या अनिर्णीत असतात. अनिर्णीत गोष्ट अनिर्णीत ठेवणे मनाला फार जड जाते. परीक्षेत ती घाईने भरली की एक प्रश्न चुकतो. पेढीवर ती घाईने भरली की एका माणसाची भाकरी जाते.

सोमवारी सकाळी काका गोदामावर गेले. ज्या हमालांसमोर किल्ली काढून घेतली होती, त्यांच्याचसमोर त्यांनी ती परत दिली आणि माल सुकल्याने घट आली होती, आपलेच चुकले, असे मोठ्याने सांगितले. क्षमापनेच्या दिवशी दरवर्षी उच्चारले जाणारे शब्द त्या दिवशी मे महिन्यातच उच्चारले गेले. त्या माणसाने किल्ली घेतली, "बरं, मालक," एवढेच म्हटले आणि कुलूप उघडायला गेला. किल्ली घेताना त्याने मान वर केली नाही. मधल्या तीन दिवसांत यार्डात जे बोलले गेले, त्याची भरपाई कोणत्याही वहीत करता येण्यासारखी नव्हती. काकांनी त्या सुमारास पेढीवर एक नवी पद्धत मात्र सुरू केली. माल गोदामात टाकताना आणि काढताना वजनाबरोबर ओलावाही मोजून लिहिला जाऊ लागला, म्हणजे पुढच्या वेळी तूट आली तर तिचा किती भाग सुकण्याचा, हे कोणाच्या चारित्र्यावर सोपवावे लागणार नाही.

नातीने जूनच्या अखेरीस परीक्षा दिली. शाब्दिक विभागात तिचे गुण 77 वरून 82 वर गेले. मनात धरलेल्या पहिल्या विद्यालयास तेवढे पुरतील की नाही, हे तिला सांगता येत नव्हते. आणि आता ती ते सांगण्याचा प्रयत्नही करीत नव्हती. तिने अर्ज तीन ठिकाणी भरले.

अशा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या शेजारी बसू इच्छिणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी या घरातील रीत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. आधी प्रश्न वाचावा. तो निश्चित निघणाऱ्या गोष्टीविषयी आहे, की युक्तिवाद बळकट अथवा दुबळा करण्याविषयी आहे, हे ठरवावे. दुबळा अथवा बळकट करणाऱ्या प्रश्नात बाहेरची नवी माहिती चालते. अनुमानाच्या प्रश्नात ती चालत नाही. नंतर उतारा वाचावा आणि त्यातील प्रत्येक विधान आपल्या शब्दांत, न वाढविता, मनात म्हणावे. मग एकेक पर्याय खोटा धरून पाहावा. पर्याय खोटा धरल्यावरही उतारा अबाधित राहत असेल, तर तो पर्याय सोडावा. पर्याय खोटा धरताच उतारा कोसळत असेल, तर तेच उत्तर. दोन पर्याय उरले, तर दोन्हींतील जड शब्द शोधावेत. आणि सराव करताना उत्तर बरोबर आले तरी, उरलेले चार का चुकले, हे मोठ्याने सांगावे. ऐकायला आजोबा अथवा आजी असतील तर अधिक बरे. त्यांना इंग्रजी येत नसले तरी चालते. प्रश्न मराठीत सांगताना तो आपल्याला नीट कळला आहे की नाही, हे आपोआप उघड होते.

व्यापारी घरांतून निरखण्याची दृष्टी जन्मतः मिळते. गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकताच ते घेणार की नाही, हे आपण ओळखतो. ही दृष्टी मोलाची आहे आणि तिच्यावर पेढ्या उभ्या राहिल्या आहेत. तिला अंदाज म्हणावे. अंदाजावर माल घ्यावा, भाव ठरवावा, जोखीम उचलावी. चुकला तर तोटा आपला. परंतु माणसाविषयी बोलायचे असेल, नोकर, भागीदार, सून, शेजारी यांच्याविषयी काही ठरवायचे असेल, तर अंदाज पुरत नाही, कारण तेथे चुकल्याचा तोटा दुसऱ्याला होतो. तेथे आचार्यांनी सांगितलेले कडक अनुमान लागते: याच्यावाचून असे घडूच शकत नव्हते काय?

नातीच्या भिंतीवरचा तो कागद परीक्षेनंतर तिने काढला. तो आता पेढीवर, काकांच्या गादीमागे लावलेला आहे.